भीमपलासाच्या निषादाबद्दल कुणीच का बोललं नाही?

कुडाळच्या एका पोराने गेल्या महिन्यात आपलं पहिलं रेकॉर्डिंग काढलं. वय बावीस. त्यात तीन गोष्टी आहेत. भीमपलासाचा बडा ख्याल आणि त्याला जोडून द्रुत, एक जुनं नाट्यपद आणि शेवटी एक अभंग. सगळं मिळून एकतीस मिनिटं. सीडीचा जमाना संपलाय, त्यामुळे ते यूट्यूबवर आलं आणि तिथून व्हॉट्सॲपच्या गटागटांत फिरलं. त्याचे अब्बा माझ्या वर्गातले. कुवेतहून परत आल्यापासून स्टेशनच्या रस्त्याला छोटं दुकान चालवतात. त्यांनीच मला लिंक पाठवली. सोबत एक ओळ होती, ‘भाई, ऐक आणि खरं सांग.’

पुढचे आठ दिवस मी त्या रेकॉर्डिंगवर लोक काय बोलतात ते वाचत आणि ऐकत होतो. भरपूर बोलले. मशिदीबाहेर बोलले, बाजारात बोलले, फेसबुकवर बोलले. पण भीमपलासात कोमल निषाद सा ला टेकून कसा यायला हवा आणि या पोराकडून तो कुठे उतरतो, याबद्दल एका माणसाने एक शब्द काढला नाही. नाव मात्र प्रत्येकाने वाचलं होतं. गाणं किती जणांनी ऐकलं, अल्लाह जाणे.

म्हणून हा लेख. तो तिघांविरुद्ध आहे. त्यातला तिसरा मी स्वतः आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला फार सोवळा समजू नये.

पहिले आपलेच. ‘पोरगा हाताबाहेर गेला’, ‘बापाने कुवेतला कमावलं आणि पोराने पेटीत घालवलं’, ‘संगीत हराम आहे, आणि वर अभंग?’ एका बुजुर्गांनी तर दुकानात येऊन पोराच्या अब्बांना समजावलं. आवाज उत्तम म्हणाले, किरअत शिकवा, नात म्हणू दे, हे पेटी-तबला कशाला? म्हणजे आवाज उत्तम आहे हे त्यांनाही कळलं होतं. बाकी सगळ्यांपेक्षा त्यांनी निदान एवढं तरी ऐकलं.

संगीत हराम की हलाल हा वाद आपल्याकडे हजार वर्षं चाललाय. तो कुडाळच्या चहाच्या टपरीवर सुटणार नाही. इमाम गझाली सन 1111 मध्ये वारले. त्यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात समाअवर आख्खं प्रकरण लिहिलं, अटी घालून वाट मोकळी ठेवली. त्यांच्या आधीही विरोध होता, नंतरही राहिला. ज्याला गाणं ऐकायचं नाही त्याने ऐकू नये, त्याच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. माझं भांडण विसरभोळेपणाशी आहे. हीच माणसं मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात हात जोडतात. त्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. त्याच मिरजेत मुसलमान कारागीर घराणी पिढ्यान् पिढ्या भोपळे कोरून तंबोरे बनवतात. भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने, तंबोरा होऊन जातो देशभर. 2024 मध्ये या मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याच गटांत अभिनंदनाचे फलक फिरले. तंबोरा बनवणारा आपला म्हणून अभिमान, आणि तो तंबोरा मांडीवर घेणारा हाताबाहेर गेलेला? हे गणित मला जमत नाही.

खाँसाहेबांचा शेवट कसा झाला हेही सांगतो. 27 ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना घातला, आणि दरबारीच्या सुरात दुआ म्हणत म्हणत ते गेले, असं सांगतात. आता या माणसाचा सूर कुठल्या खात्यात मांडायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरे म्हणजे ‘ते’. ‘आमचे अभंग यांना कशाला हवेत?’ ‘आधी आपल्या धर्मात गाऊन दाखव म्हणावं.’ एकाने अभंगाच्या खाली लिहिलं, ‘चाल बरी आहे, पण भाव येणार कुठून?’ हा प्रश्न मला फार मजेदार वाटला. हे लिहिणारा गृहस्थ भीमसेन जोशींचा भक्त आहे. आषाढीला त्यांचे अभंग लावतो. बरोबर करतो, मीही लावतो. भीमसेन शिकले सवाई गंधर्वांकडे, सवाई गंधर्व शिकले अब्दुल करीम खाँकडे, आणि खाँसाहेब आले उत्तर प्रदेशातल्या कैराना गावातून. आज अभंगाचा म्हणून जो सूर आपल्या कानात बसलाय, तो लांबच लांब धरलेला, भिजलेला सूर, त्याचं टपाल कैरान्याहून सुटलेलं आहे. इतकंच काय, लहानग्या भीमसेनला घराबाहेर काढलं तेच मुळी अब्दुल करीमांच्या एका तबकडीने. दुकानात वाजत होती, पोराने ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरू शोधत घर सोडलं.

आणि आपल्या जिल्ह्याचं तर सांगूच नका. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातल्या ओझऱ्याचे, म्हणजे कुडाळपासून काही फार लांबचे नव्हेत. गरिबीतला ब्राह्मणाचा पोर गाणं शिकायचं म्हणून भटकत भटकत ग्वाल्हेरला पोचला, आणि निसार हुसेन खाँच्या दारात पडून राहिला. तिथून विद्या घेऊन परतला. पुढे मास्टर दीनानाथांना त्यांची तालीम मिळाली, केसरबाईंना मिळाली. मराठी रंगभूमीला त्यांनी चाली दिल्या. ज्या नाट्यपदावर आपण ‘अस्सल मराठी’ म्हणून मान डोलावतो, त्याच्या खाली बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या खाँसाहेबांची बंदिश असते. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ला चाली दिल्या, ते नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेले होते. उलट अब्दुल करीम खाँनी ‘मानापमान’मधलं पद तबकडीवर गाऊन ठेवलंय, ते आजही ऐकायला मिळतं. त्यांचे मराठी उच्चार थोडे परके वाटतात. सूर वाटत नाहीत.

हे सगळं मी इथे पुन्हा लिहिलं खरं, पण कंटाळून. ही वंशावळ मी गेली पंधरा वर्षं भाषणांतून सांगत आलोय. शेख महंमदांपासून सुरुवात करायची, मिरजेला थांबायचं, भीमसेनांवर टाळ्या घ्यायच्या. टाळ्या मिळतात, चहा मिळतो, पोरगा जिथल्या तिथे राहतो. कारण या पुराव्याने सिद्ध एवढंच होतं की मुसलमानाला गाण्याची परवानगी आहे. परवानगी कुणी मागितली होती? पोराने ख्याल गायलाय, अर्ज दिलेला नाही.

आता तिसऱ्यांकडे येतो. हे सगळ्यांत चांगले लोक. पुरोगामी, प्रेमळ, माझे मित्र. त्यांच्या प्रतिक्रिया मी कॉपी करून ठेवल्यात. ‘सलाम या सुराला.’ ‘हाच खरा भारत.’ ‘गंगाजमनी कुडाळ.’ बाजारात एक ओळखीचे मास्तर भेटले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “मुसलमानाचो झील आसान अभंग किती गोड म्हणता रे!” मी विचारलं, ख्याल कसा वाटला? ते म्हणाले, तो अजून ऐकला नाही, मोठा आहे ना. मी स्वतः ती लिंक पुढे पाठवताना वर काय लिहिलं होतं? ‘द्वेषाच्या काळातला एक सूर.’ पाठवलं तेव्हा मीही फक्त अभंगच ऐकला होता. एकतीस मिनिटांतली सहा मिनिटं. ख्याल मी चार दिवसांनी ऐकला, तोही त्याच्या अब्बांनी दुसऱ्यांदा विचारलं म्हणून.

त्यानंतरची गोष्ट ऐका. एका संस्थेने त्याला एकता मेळाव्यात गायला बोलावलं. नाव लिहीत नाही, मंडळी भली आहेत आणि त्यांच्या हेतूत खोट नाही. पोरगा खूश झाला. तंबोरा घेऊन गेला, पाऊण तास आधी जाऊन जुळवत बसला. संयोजक म्हणाले, टोपी आणलीस ना? तो म्हणाला, नाही, मी गाताना घालत नाही. त्यांनी कुणाची तरी आणून दिली. मग म्हणाले, ख्याल नको, अभंगच म्हण, आणि चार मिनिटांत आवर, पाहुण्यांना गाडी पकडायची आहे. त्याने दोन भाषणांच्या मध्ये, दुसऱ्याची टोपी घालून, तंबोरा पुरता लागायच्या आत चार मिनिटं अभंग म्हटला. फोटो छान आला. मी श्रोत्यांत होतो आणि टाळ्या वाजवत होतो.

ज्यांना तो नको होता त्यांनी त्याला नावावरून नाकारलं. आम्ही त्याला नावावरून स्वीकारलं. गायक म्हणून तो दोन्ही वेळेला खोलीबाहेरच उभा होता.

पहिल्या रेकॉर्डिंगची गोष्ट निघालीय तर थोडं मागे जाऊ. 1902 च्या एप्रिलमध्ये फ्रेड गेझबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस इटलीतल्या मिलान शहरात एका तरुण टेनरला ऐकायला गेला. टेनर म्हणजे पुरुषाच्या आवाजातली वरची पट्टी. त्या गायकाचं नाव एन्रिको करूसो, वय एकोणतीस. दहा गाण्यांचे शंभर पौंड मागत होता. लंडनच्या कचेरीने तार केली, रक्कम अवाच्या सवा आहे, रेकॉर्डिंग करू नका. गेझबर्गने तार बाजूला ठेवली आणि रेकॉर्डिंग केलं. का? तर त्याने कान देऊन ऐकलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीला हाच माणूस यंत्रं घेऊन कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहर जानला ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी बाईंनी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. मला ती पद्धत फार आवडते. आधी गाणं, नाव शेवटी.

कंपनीच्या पुढच्या फेऱ्यांत, 1905 च्या सुमारास, अब्दुल करीम खाँ पहिल्यांदा तबकडीवर आले. करूसो आणि खाँसाहेब जवळजवळ एका वयाचे, जन्मात तीन-चार महिन्यांचं अंतर. आणि दोघांचा जीव वरच्या सुरात. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, तो 1925 नंतरचा. भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, बाजूच्या मेणाच्या चकतीवर सुई ओरखडे ओढणार, आणि तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपायचं. तासभर एका रागात बसणाऱ्या माणसाला हे म्हणजे अख्खी भांगसाळ तांब्यात भरून दे म्हणण्यासारखं. अनेकांनी नकार दिला. अल्लादिया खाँनी शेवटपर्यंत आवाज मुद्रित होऊ दिला नाही. एवढ्या मोठ्या गवयाचा आवाज आज आपल्याकडे नाही. वझेबुवांच्या ज्या तबकड्या आहेत त्या उतारवयातल्या.

महत्त्वाचं पुढेच आहे. खाँसाहेबांना लोक काय म्हणत? आवाज बारीक. नाकातून येतो. बोल नीट कळत नाहीत. सुराच्या नादात लयीकडे पाहत नाहीत. हे आक्षेप जाणकारांनी घेतले, दुसऱ्या घराण्यांच्या गवयांनी घेतले, आणि किराणा घराण्यावर ते आजही घेतले जातात. काही रास्त होते, काही असूयेचे. पण ते गाण्यावरचे आक्षेप होते. एखाद्याने तुमच्या लयीला नावं ठेवली याचा अर्थ त्याने तुमची लय मोजली. खाँसाहेबांना महाराष्ट्राने जे सगळ्यांत मोठं दिलं ते हे. त्यांच्याशी गवई म्हणून भांडलं. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, तेव्हा लोकांनी पोरं पाठवली ती गाणं शिकायला, एकतेचा संदेश घ्यायला नव्हे.

सगळंच सोनं होतं असं मात्र नाही. त्याच घरातली दुसरी गोष्ट आहे. ताराबाई मान्यांपासून खाँसाहेबांना पाच मुलं झाली. 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वती राणे झाली. नवराबायकोच्या भांडणाचा त्यात किती भाग आणि काळाच्या धोरणाचा किती, त्यात मी पडत नाही. एवढंच दिसतं की त्या नावांनी रस्ते मोकळे झाले. हिराबाई तिकीट लावून रंगमंचावर बसल्या, घराघरांत ऐकल्या गेल्या, पद्मभूषण झाल्या. त्यांचा सूर बापाचा होता, सगळ्यांना माहीत होतं, तरी नाव आईकडचं असलेलं सोयीचं पडलं. मूळच्या नावाने महाराष्ट्राने तेवढंच ऐकलं असतं का? माझ्याकडे उत्तर नाही. पण कुडाळच्या पोराला त्याच्या एका हितचिंतकाने सुचवलंय की कलाकार म्हणून एखादं ‘न्यूट्रल’ नाव घे. शंभर वर्षं झाली त्या गोष्टीला.

आणि भीमसेन? 1941 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पहिली मैफल. 1942 मध्ये एचएमव्हीने पहिली रेकॉर्ड काढली. त्यात ख्याल नव्हता, भक्तिगीतं होती. त्या रेकॉर्डने भीमसेन जोशी घडले नाहीत. लोकांनी त्यांना ओळखलं ते 1946 मध्ये, सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या मैफलीत. मधली वर्षं कुणी त्यांना कशाचं प्रतीक केलं नाही, हे त्यांचं भाग्य. भटकले, रेडिओवर गायले, रियाज केला. पहिल्या रेकॉर्डला पहिली रेकॉर्ड म्हणून मागे पडण्याचा हक्क मिळाला.

हा हक्क फार मोलाचा आहे, आणि तो फक्त आपल्याकडेच हिरावला जातो असंही नाही. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजच्या निकी स्पेन्स नावाच्या तरुण टेनरचं उदाहरण आहे. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकत असतानाच एका बड्या कंपनीने त्याच्याशी करार केला. वय विशीचं, देखणा पोरगा, वर स्कॉटिश. पहिली सीडी आली, मोठ्या गायिकांबरोबर दौरे झाले, प्रसिद्धी मिळाली. विकायला सोपं होतं, डोंगर, स्कॉटिश घागरा आणि गोड वरचा सूर. पण त्याला आतून कळलं की गळा अजून तयार नाही. पुढच्या रेकॉर्डच्या मागे न लागता तो परत शिकायला गेला. ऑपेराची कठीण कामं एकेक करत वर आला, आणि आज त्याचं नाव घेतात ते यानाचेकच्या रचनांसाठी, घागऱ्यासाठी नव्हे. त्याला परत जाता आलं, कारण तो परत गेल्याने कुणाचा भारत तुटत नव्हता. आमच्या पोराच्या डोक्यावर आम्ही सगळा देश ठेवलाय. तो आता ‘माझा निषाद कच्चा आहे, दोन वर्षं गात नाही’ असं म्हणू शकेल का? पुढच्या मेळाव्याचं काय, म्हणतील.

हे ‘सुरात एकता’ प्रकरण मला आता अपमानासारखं वाटतं. वाक्य उलटं करून बघा. ‘ब्राह्मण असूनही काय मस्त मालकंस गातो!’ कुणी म्हणतं का? ‘असूनही’ हा शब्द जिथे येतो तिथे कौतुक संपलेलं असतं. मला स्वतःला आयुष्यभर ऐकावं लागलंय, ‘तुम्ही मुसलमान असून मराठी किती शुद्ध लिहिता.’ पूर्वी मी आभार मानायचो. आता विचारतो, माझ्या लेखातलं काय पटलं नाही ते सांगा. बहुतेकांनी लेख वाचलेला नसतो.

आणि हा पोरगा काही आकाशातून पडलेला नाही. सिंधुदुर्गात वाढलेल्या पोराच्या कानात काय जातं? जत्रेतला दशावतार, रात्रभर चालणारी पेटी आणि पखवाज. गणपतीत आणि पुढेही डबलबारी, दोन बुवा समोरासमोर, पहाटेपर्यंत एकमेकांना गाण्यातून डिवचत बसलेले. घरात मौलूद. तिन्ही ऐकत तो मोठा झाला. डबलबारीच्या मांडवात तो मागे बसून पेटीवाल्याची बोटं बघायचा, हे मी पाहिलंय. तिथे मात्र एक गोष्ट फार चांगली आहे. बुवा बेसूर झाला की पब्लिक गप्प बसत नाही. समोरचा बुवा तर मुळीच सोडत नाही, पुढच्या कडव्यात वाभाडे काढतो. आपल्या जिल्ह्यात टीकेची एवढी निरोगी शाळा असताना आम्ही शिकलेली माणसं ‘सलाम’ लिहून मोकळी होतो.

तर आता मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते करतो. मी गवई नाही. चाळीस वर्षं ऐकणारा आहे. तेवढ्या अधिकारात.

आवाज सुंदर आहे, वरच्या सप्तकात मोकळा जातो. मध्यमावर तो थांबतो ती जागा ख्यालात सर्वांत चांगली आहे. भीमपलासाचा जीव मध्यमात आहे हे कुणीतरी त्याला नीट शिकवलंय आणि त्याने ऐकलंय. पहिली चार मिनिटं तो घाई करत नाही. बावीसाव्या वर्षी हे सोपं नाही. पण कोमल निषाद. तो सा ला टेकून, किंचित चढा यायला हवा. हा तो सरळ, सुटा लावतो, आणि थकल्यावर तो उतरतो. सातव्या मिनिटानंतर तीनदा उतरलाय. ताना घेताना समेची धास्ती ऐकू येते. दोन मात्रा आधीच त्याचं लक्ष तबल्याकडे जातं आणि तान शेवटाला विस्कटते. नाट्यपदात शब्द चावले जातात, तिथे दीनानाथांची नक्कल आहे आणि नक्कल त्याच्या गळ्याला शोभत नाही. अभंग सगळ्यांना आवडला, मला सगळ्यांत कमी आवडला. त्यात स्टुडिओवाल्याने सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर फिरवलंय. मींड इस्त्री केल्यासारखी सपाट झालीय. दोन सुरांमधली जी वाट असते, जिच्यासाठी आपण हे संगीत ऐकतो, तीच पुसली गेलीय. खाँसाहेबांच्या खरखरत्या तबकडीत कर्ण्यातूनही ती वाट ऐकू येते. इथे हजारो रुपयांच्या माइकमधून येत नाही. तबला जरा जास्तच पुढे आहे, पण तो दोष मिक्सिंग करणाऱ्याचा.

हे सगळं मी लिहून त्याच्या अब्बांना पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, दुखावले. तिसऱ्या दिवशी पोरगाच घरी आला, वही घेऊन. म्हणाला, “चाचा, सातव्या मिनिटाचं बरोबर आहे. माझ्या गुरुजींनीही तेच दाखवलं. तुम्ही चौथी जागा सोडलीत, नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर.”

आम्ही दोघांनी ती लावली. खरंच उतरला होता. मला ऐकू आलं नव्हतं.

मग तो बसून राहिला. म्हणाला, रेकॉर्डिंग काढून टाकावं असं वाटतं, पण अब्बांनी कर्ज काढलंय. मी म्हटलं, काढू नको, राहू दे, पुढचं याहून चांगलं काढ. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात परत एक मेळावा आहे, काय करू? मी म्हटलं, अर्धा तास आणि ख्याल देत असतील तर जा. त्याने तिथेच फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी समजावत होतं, हा ‘हो सर, नाही सर’ करत होता. शेवटी म्हणाला, “सर, मग मी येत नाही. शनिवारी माझी तालीम असते.”

शनिवारी तो गाडीने गोव्याला जातो. पहाटे घर सोडतो, रात्री परत. गेल्या शनिवारी मी स्टेशनवर दुसऱ्या कामाला गेलो होतो. तो फलाटाच्या टोकाला उभा होता, कानात फोनवरचा तंबोरा, आणि तोंडाने सा, नि, सा, नि करत होता. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. त्या वीस मिनिटांत त्याने तिसरा सूर लावला नाही.